फुरशाच्या मुंडक्यापासून शाळेच्या वर्गापर्यंत

रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून फणसोप, गोळप करत पावसला येताना दोन्ही बाजूंना कातळ दिसतो. पर्यटकाला तो ओसाड वाटतो. आपल्याला ठाऊक असतं की त्या कातळाच्या भेगांत, चिऱ्याच्या गडग्यात, कलमांखालच्या पातेऱ्यात फुरसं असतं. हात-दीड हात लांबीचं, मातकट, वेटोळं घासून करवतीसारखा आवाज करणारं. नाग दिसला तर माणूस थबकतो. फुरसं दिसतच नाही, ही त्याची खरी अडचण.

या जिल्ह्यात फुरशाची दहशत आजची नाही. इंग्रज सरकारनेही ती ओळखली होती आणि त्यावर सरकारी उपाय काढला होता : मारा आणि बक्षीस न्या. डिसेंबर १८६२ मध्ये आठवडाभरात लाखाहून जास्त फुरशी मारून आणल्याची जुनी नोंद आहे. बक्षीस चालू असताना सहा वर्षांच्या काळात वर्षाला सरासरी दोन लाखांवर फुरशी मारली गेली, असाही आकडा मिळतो. आकडा वाचून आधी विश्वास बसत नाही. मग कातळावरून एक चक्कर मारली की बसतो!

एवढं मारून फुरसं संपलं का? दीडशे वर्षांनी आपण अजून त्याच्याबद्दलच बोलतोय. आपल्याकडचं फुरसं अंडी घालत नाही, थेट पिल्लं घालतं, आणि लपायला त्याला दगडाखालची वीतभर जागा पुरते. अख्खा जिल्हा उलथून काढल्याशिवाय ते संपणार नव्हतं. माझ्या मते त्या योजनेची मोठी चूक वेगळीच होती. सगळा पैसा मुंडकी मोजण्यात गेला. चावल्यावर माणसाने काय करायचं, हे सांगायला मात्र गावात कुणी आलं नाही. तेव्हा सांगण्यासारखं औषधच नव्हतं, हेही खरं. सापाच्या विषावरची लस पॅरिसमध्ये आल्बेर काल्मेत यांनी तयार केली ती १८९० च्या दशकात. आज आपल्या दवाखान्यात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्याही विषावर चालते.

औषध आलं तरी ते पोचेपर्यंतचा वेळ उरतोच. मंत्र, पाला, दोरी, ब्लेड हे सगळं त्या वेळात घडतं.

शेजारच्या रायगड जिल्ह्यातलं उदाहरण इथे सांगायलाच हवं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाने डसलेली पोरं त्यांच्यासमोर दगावत होती. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, मग फुप्फुसात पाणी. बावस्करांनी रात्र रात्र रोग्यापाशी बसून निरीक्षणं टिपली, ‘लॅन्सेट’मध्ये लिहिली आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी विंचवाच्या विषावर वापरून दाखवली. मृत्यूचं प्रमाण चाळीस टक्क्यांवरून एक-दोन टक्क्यांवर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण गोळी असून भागत नाही. पोर रात्रभर भगताकडे ठेवलं तर सकाळी ती गोळी काय करणार? म्हणून औषधाइतकंच सांगणंही महत्त्वाचं ठरलं.

हे सांगण्याचं काम आज बहुतेक ठिकाणी स्वयंसेवक करतात. कुणी सर्पमित्र, कुणी निवृत्त नर्स, कुणी शिक्षक. मानधन नाही, पेट्रोल स्वतःचं. त्यांच्याबद्दल आदर ठेवूनच एक बोलतो. शाळेत जिवंत साप घेऊन जाणं बंद व्हायला हवं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा प्रश्न आहेच, पण शिकवणं म्हणूनही ते वाईट आहे. पोरं टाळ्या वाजवतात, फोटो निघतात, आणि ‘दादाने साप हातात धरला’ एवढंच घरी जातं. सातवीतल्या एखाद्या धीट पोराने उद्या तेच करून बघितलं तर?

त्याऐवजी एक बॅटरी न्या. काळोखात पाय टाकण्याआधी उजेड टाकायचा. बूट, चप्पल घालण्याआधी उलटी करून झटकायची. गडग्यातला दगड, लाकूडफाटा, नारळाची सोडणं हाताने ओढायची नाहीत, आधी काठीने हलवायची. जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी लावून कडा अंथरुणाखाली खोचायची. चावलंच तर धावायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. अंगठी-बांगडी काढायची, चावलेला हातपाय हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन करायचा. साप शोधून मारत बसायचं नाही. त्यात वेळ जातो, आणि दुसरा माणूस चावून घेतो.

मुलांना सगळ्यात जास्त भावते ती काचेची नळी. दवाखान्यात रोग्याचं थोडं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर विष रक्तात उतरलंय असं समजून लस सुरू करतात. फुरशाच्या विषाने रक्त गोठणं बंद होतं, हे वाक्य पुस्तकात वाचून कुणाच्या लक्षात राहत नाही. रिकामी नळी वर्गात फिरवून सांगितलं की राहतं. आणि मूल घरी जाऊन आजीला ऐकवतं. आपण आजीला सांगायला गेलो तर ती आपल्यालाच चार गोष्टी सुनावेल.

भारतात सर्पदंशाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत अंदाजे बारा लाख माणसं गेली, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे म्हणून. आराखडा दिल्लीत झाला. गोळप-पावसच्या वर्गात तो कुणीतरी पायाने चालत न्यावा लागेल.

जूनमध्ये शाळा सुरू होतात, पहिल्या पावसात बिळं भरतात आणि साप-विंचू घराकडे येतात. पहिल्या पंधरवड्यातले दोन तास मुख्याध्यापकांकडे मागायचे. पावस पंचक्रोशीत ज्यांना वेळ देता येईल त्यांनी खाली लिहा. सामान फार नाही : बॅटरी, काठी, जुना बूट, काचेची नळी.