पी.पी. क्रमांक आणि घराचा पत्ता

ऐंशीच्या दशकातील लग्नपत्रिका वा भेटपत्रे ज्यांनी जपून ठेवली असतील, त्यांना दूरध्वनी क्रमांकाशेजारची ‘पी.पी.’ ही दोन अक्षरे आठवतील. फोन शेजाऱ्यांचा, त्यांनी हाक मारली, तरच आपण येणार. आपल्याला बाहेर फोन लावता येई. बाहेरून आलेला आपल्यापर्यंत पोहोचणे मात्र शेजारच्या काकूंच्या मर्जीवर असे. आज बहुतेक घरांतले संगणक महाजालावर अशाच पी.पी. क्रमांकाने वावरतात, आणि ते मुळात तसे ठरलेले नव्हते, याची आठवण फारशी कोणाला उरलेली नाही.

सप्टेंबर 1981 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरनेट प्रोटोकॉलच्या मसुद्यात पत्ता 32 बिटांचा होता. म्हणजे एकूण सुमारे 430 कोटी पत्ते. जोडलेल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता आणि कोणीही कोणालाही थेट साद घालू शकेल, हे त्यामागचे गृहीतक. व्हिंट सर्फ यांच्या लेखी हा सारा प्रयोगच होता. त्यामुळे वाटपही इनामदारी थाटाचे झाले. एमआयटी, फोर्ड, ॲपल यांसारख्यांना प्रत्येकी 1 कोटी 67 लाखांहून अधिक पत्ते मिळाले. एका विद्यापीठाला एवढे कशाला, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नसावा.

नव्वदीच्या आरंभी टंचाई दिसू लागली. 1993 मध्ये पत्त्यांचे लहान तुकडे पाडण्याची सोय झाली. मार्च 1994 मध्ये काही पत्ते खासगी वापरासाठी राखले गेले, आणि मे महिन्यात केल्ड एगेवांग व पॉल फ्रान्सिस यांनी पत्तेबदलाची, म्हणजे ‘नॅट’ची योजना मांडली. राउटर आतल्या यंत्राचा पत्ता पुसून बाहेरचा पत्ता लिहितो आणि उत्तर कोणाला द्यायचे याची टिपण ठेवतो. ज्याची टिपण नाही, असा आगंतुक परत जातो. हा तात्पुरता उपाय आहे आणि त्याने पत्त्याचा मूळ अर्थ हिरावला जातो, असे कर्त्यांनीच लिहून ठेवले होते. जुलैमध्ये खासगी पत्त्यांविरुद्ध एक खरमरीत निवेदनही निघाले. उपयोग झाला नाही. सोय जिंकली आणि तात्पुरते ते कायमचे झाले. आमच्या मते घर केवळ ग्राहक बनले ते येथे.

काही वर्षांपूर्वी आम्ही हौसेने घरी आठ स्थिर पत्त्यांचा संच घेतला. आठांपैकी पहिला जाळ्याच्या नावाचा, शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्याचा, एक राउटरचा. हाती उरले पाच. उत्साहाच्या भरात आम्ही ते पाच यंत्रांना वाटून टाकले, त्यांत एक छपाईयंत्रही होते! नोंदवही उघडून पाहिली, तर अनोळखी दारठोठावणाऱ्यांची रांग लागलेली. नॅटने नकळत उंबरठ्याचे काम केले होते, हे तेव्हा उमगले.

मग रचना बदलली. टपाल आणि संकेतस्थळ सांभाळणाऱ्या यंत्रांना एकेक स्थिर पत्ता, त्यांच्यापुढे अग्निभिंत, आणि तीत नेमून दिलेलीच दारे उघडी. हा झाला ओटा. छपाईयंत्र, मुलांचे संगणक, दूरदर्शनसंच माजघरात, खासगी पत्त्यांवर, सर्वांना मिळून तिसरा सार्वजनिक पत्ता. ओट्यावरचे यंत्र फितले, तरी त्याला माजघरात शिरता येऊ नये, हा नियम सर्वांत महत्त्वाचा, आणि आम्ही तो सर्वांत शेवटी शिकलो. उरलेले दोन पत्ते राखून ठेवले.

3 फेब्रुवारी 2011 रोजी जागतिक साठ्यातील अखेरचे पाच गठ्ठे वाटले गेले. त्यानंतर कित्येक सेवादात्यांनी अनेक घरांना मिळून एकच पत्ता देण्यास आरंभ केला. म्हणजे शेजाऱ्यांचाही फोन पी.पी. 128 बिटांची आवृत्ती 1995 मध्येच मसुद्यात आली होती. तिच्यात एकेका घराला अब्जावधी पत्ते मिळतात आणि प्रत्येक यंत्र पुन्हा नावानिशी हाकेच्या टप्प्यात येते. अर्थात तेथेही अग्निभिंत आपणच उभारायची असते. आमचे छपाईयंत्र अजून माजघरातच आहे.