सांकवाळचे पाद्री आणि सिलोनचे पोरके ख्रिस्ती



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला इतिहास आणि मराठी हे दोन्ही विषय शिकवीत. एकदा संतवाङ्मयाचा पाठ चालू असता त्यांनी फळ्यावर ‘आशा’ हा एकच शब्द लिहिला आणि विचारले, ही वस्तू बरी की वाईट? आम्ही एकमुखाने ‘वाईट’ म्हणालो. आशा आणि तृष्णा ही जोडी कीर्तनांतून आमच्या कानांवर लहानपणापासून पडलेली होती. तेव्हा शेवटच्या बाकावरचा एक ख्रिस्ती विद्यार्थी उभा राहिला आणि काहीसा चाचरत म्हणाला, “गुरुजी, आमच्या दोतोर्नीत आशा हे पुण्य आहे.” वर्गात हशा पिकला. गुरुजी मात्र हसले नाहीत. “सांकवाळचे पाद्री वाचा, मग बोलू,” एवढेच ते म्हणाले. ते बोलणे राहून गेले. आज त्यांच्या नावाने उभा राहताना तोच विषय घ्यावा, असे मला वाटले.

विषय घेण्यास एवढी वर्षे का लागली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. माझे घराणे मूळचे सांकवाळचे. आमचे कुलदैवत लक्ष्मीनृसिंह. १५६७ साली साष्टीतील देवळे पोर्तुगीजांनी पाडली, तेव्हा हा देव नदीपलीकडे, त्या वेळी पोर्तुगीजांच्या सत्तेबाहेर असलेल्या अंत्रुज महालात, वेलिंगला नेण्यात आला. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. त्यांतलीच ही एक कथा. आमच्या घरी ती दरवर्षी सांगितली जाई, आणि सांगणाऱ्याचा आवाज शेवटी कठोर होई. अशा घरात वाढलेल्या मुलाला सांकवाळच्याच एका पाद्रीच्या धर्मनिष्ठेचे कौतुक वाचावेसे वाटले नाही, यात नवल नाही. वाचले ते पुष्कळ उशिरा, आणि वाचल्यावर मनातली अढी पार गेली असेही नाही. पण ज्या गोष्टीला आपण केवळ आपल्या पूर्वजांची मिरास समजत होतो, ती दुसऱ्याही घरी होती, एवढे मला कळले.

पाद्री जुझे वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे आजोळी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. घराणे बाटलेल्या ब्राह्मणांचे. देव नदीपलीकडे जाऊन तेव्हा जेमतेम चौऱ्यांशी वर्षे झाली होती. म्हणजे जे गेले आणि जे राहिले त्यांच्यातील नातीगोती अद्याप स्मरणात असणार. सांकवाळ, बाणावली आणि गोवे शहर येथे त्यांचे शिक्षण झाले आणि १६७६ मध्ये त्यांना पाद्रीची दीक्षा मिळाली. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःस मरियेचा दास म्हणून अर्पण करणारा एक लेख लिहून ठेवला. १६८१ ते १६८४ या काळात ते कानडा प्रांतात होते. तेथून परतले त्याच वर्षी, १६८४ मध्ये, गोव्याच्या सरकारने हुकूम काढला की येथील लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. या हुकुमाची आठवण ठेवावी. पुढे तिचा उपयोग होईल.

युरोपीय पाद्रींच्या संघांची दारे त्या काळी येथील माणसाला जवळजवळ बंदच होती. पाद्री होता येई, पण संघाचा सभासद होता येत नसे. म्हणून काही गोमंतकीय पाद्रींनी जुन्या गोव्यातील एका टेकडीवर, चमत्कारी क्रुसाच्या इगर्जेजवळ, एकत्र राहण्यास आरंभ केला होता. १६८५ मध्ये वाझ त्यांना जाऊन मिळाले आणि त्या मंडळीला संत फिलिप नेरीच्या ओरेटरीची शिस्त लागली. ज्यांना कुणी संघात घेत नव्हते त्यांनी आपला संघ केला. पुढे दीडशे वर्षे सिलोनला माणसे पुरविली ती या संघाने. गोव्याच्या इतिहासात या घटनेला मिळावे तेवढे महत्त्व मिळालेले नाही, असे माझे मत आहे.

आता सिलोनकडे वळू. किनारपट्टीवरील पोर्तुगीज सत्ता वलंदेजांनी, म्हणजे डचांनी, संपविली. १६५६ मध्ये कोलंबो पडले, १६५८ मध्ये जाफना. डच प्रॉटेस्टंट होते. त्यांनी कॅथॉलिक पाद्रींना हद्दपार केले आणि पाद्रीला आसरा देणाऱ्यास मृत्युदंड ठरविला. इगर्जी आपल्या पंथासाठी घेतल्या. यापेक्षाही बारीक काम नोंदवहीचे होते. बाप्तिस्मा आणि विवाह यांची नोंद डच शाळेच्या वहीत झाली तरच पुढे वारसा धड लागे. त्यामुळे असंख्य माणसे रविवारी डच उपदेश ऐकत, मुलांची नावे डच वहीत घालत आणि घरी येऊन दार लावून जपमाळ ओढत. गोव्यात नवख्रिस्त्यांनी दारी तुळस लावू नये असे इन्क्विझिशनने १७३६ साली बजावले, त्यावरून येथेही बंद दारांआड काय चालत होते याची कल्पना येते. एकाच शतकात, एकाच समुद्राच्या काठी, तुळस आणि जपमाळ या दोघींना लपावे लागले. ज्या धर्माच्या अधिकाऱ्यांनी येथे एकीला लपायला लावले, त्याच धर्माच्या गरिबांवर तेथे दुसरी लपविण्याची पाळी आली. हा इतिहासाने उगविलेला सूड आहे असे म्हणणारे मला भेटले आहेत. मला ते पटत नाही. फर्मान काढणारे वेगळे होते आणि भोगणारे वेगळे होते.

१६७० साली मन्नारच्या बाजूच्या मांतै येथील वीस कॅथॉलिक कुटुंबे आपल्या इगर्जेतील मरियेची मूर्ती घेऊन निघाली आणि ठिकठिकाणी आसरा घेत शेवटी मडूच्या जंगलात जाऊन राहिली. हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. वेलिंगची आमच्या घरची कथा, केवळ नावे बदलून, माझ्यासमोर होती.

या लोकांना पाद्री नव्हता. कॅथॉलिक पंथात पाद्रीवाचून मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मरणाऱ्याला अंत्यसंस्काराचे तेल नाही. आपल्याकडे पुरोहित नसला तरी नामस्मरण चालते, म्हणून ही उणीव किती खोल आहे हे आपल्याला चटकन उमगत नाही. जवळजवळ तीस वर्षे ही माणसे अशी राहिली. म्हातारी माणसे तोंडपाठ प्रार्थना नातवंडांना शिकवीत. पाद्री येईल असे मानण्यास बाहेरचे काहीही कारण नव्हते.

वाझ यांनी गोव्यात ही वार्ता ऐकली होती. १६८६ मध्ये ते निघाले. बरोबर घरचा गडी जुआंव होता. वाट केरळातून तुतिकोरीनपर्यंत, पायी. १६८७ मध्ये मजुराचा वेष करून, मिस्साचे साहित्य गाठोड्यात लपवून, ते समुद्र ओलांडून जाफन्याला पोहोचले. गोरा पाद्री असता तर धक्क्यावरच पकडला गेला असता. ज्या वर्णामुळे युरोपीय संघांत जागा नव्हती तोच येथे कामी आला. उतरताच अतिसाराने दोघेही मरणाच्या दारी गेले. एका बाईने रोज पेज आणून दिली म्हणून वाचले, असे चरित्रात आहे. गोव्याच्या ओरेटरीतीलच सेबास्तियांव दो रेगो यांनी लिहिलेले हे चरित्र १७४५ मध्ये लिस्बनला छापले गेले.

बरे झाल्यावर प्रश्न आला की कॅथॉलिक ओळखावा कसा? विचारणे म्हणजे आपल्याबरोबर त्यालाही फासावर देणे. वाझ यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागू लागले. बहुतेकांनी माळेकडे पाहिले आणि मूठभर तांदूळ घातले. कुणाची नजर मात्र माळेवर क्षणभर अधिक रेंगाळे. त्या नजरेवरून त्यांनी घरे हेरली. प्रथम एक कुटुंब, मग त्याच्या ओळखीचे दुसरे. जाफन्याजवळच्या सिल्लालै या गावात त्यांनी तळ दिला आणि रात्री मिस्सा सुरू झाली. ते तमिळ शिकले. १६८९ च्या नाताळात डच शिपायांनी छापा घातला. कॅथॉलिक पकडले गेले, त्यांतील एकाने मार खाऊन प्राण सोडला. वाझ निसटले.

येथे गुरुजींच्या प्रश्नाकडे मला यावेसे वाटते. छाप्यानंतर वाझ यांच्या हाती काय उरले होते? यश म्हणावे असे काही नव्हते. फळाची अपेक्षा ही आशा असेल तर ती त्या रात्री संपायला हवी होती. पण त्यांचे पुढचे वागणे पाहावे. त्यांनी ठिकठिकाणी गावातलाच एकेक गृहस्थ नेमला. त्याने लोकांना जमवावे, मुलांना प्रार्थना शिकवावी, अडीअडचणीला बाप्तिस्मा द्यावा, मरणाऱ्यापाशी बसावे. तमिळ मुलखात अशा माणसाला अण्णावी किंवा मूप्पर म्हणत. म्हणजे पाद्री पुन्हा नाहीसा झाला तरी काम चालावे अशी ती तजवीज होती. स्वतः पाहणार नाही अशा दिवसासाठी वही आखून ठेवणे, याला ख्रिस्ती परिभाषेत आशा म्हणत असतील तर आमच्या वर्गाचे उत्तर चुकले होते. संतांनी टाकायला सांगितली ती आशा ‘मला मिळावे’ ही आहे. या आशेत ‘मला’ फारसा सापडत नाही.

छाप्यानंतर ते पुत्तळमकडे सरकले आणि १६९२ मध्ये डोंगरातील कँडीच्या राज्यात शिरले. तेथील राजा बौद्ध, दुसरा विमलधर्मसूर्य. दरबारातील एका फ्रेंच प्रॉटेस्टंटाने हा पोर्तुगीजांचा हेर आहे अशी चुगली केली आणि वाझ कैदेत पडले. कैद हळूहळू सैल झाली. त्यांनी आवारात एक झोपडीवजा इगर्ज उभारली आणि सिंहली भाषा शिकायला घेतली. गोव्यात ज्या सरकारने भाषा सोडण्याचा हुकूम काढला, त्याच्या रयतेतला हा माणूस परक्यांच्या दोन भाषा शिकला. पोर्तुगीज कैदी आणि निर्वासित यांचे वंशज त्या मुलखात होते. धर्म बहुतेक विसरले होते. अवर्षणात वाझ यांच्या प्रार्थनेने पाऊस पडला आणि राजा प्रसन्न झाला अशी कथा आहे. श्रद्धाळूंनी ती मानावी. इतिहासाच्या शिक्षकाला पावसाची साक्ष काढता येत नाही. सहप्रवासी धर्मबांधवांनी ज्याला शिकारीसारखे हुसकले त्याला एका बौद्ध राजाने आसरा दिला, ही गोष्ट मात्र कागदाने सिद्ध आहे आणि मला ती पावसाहून थोर वाटते.

१६८७ ते १६९६, इतकी वर्षे सबंध बेटावर हा एकच पाद्री होता. मग गोव्याहून ओरेटरीचे सोबती येऊ लागले. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. राजा राजधानी सोडून गेला. लोकांनी आपले रोगी रानात नेऊन टाकले. वाझ आणि त्यांचे भाचे पाद्री जुझे कार्वाल्यु यांनी झोपड्या घातल्या, पेज शिजविली, जखमा धुतल्या, मेलेल्यांना पुरले. धर्म विचारला नाही. त्यानंतर राजाची उरलीसुरली शंका गेली. १७०५ मध्ये दिवाडीचे पाद्री जाकोम गोंसाल्विश आले. त्यांनी सिंहली आणि तमिळ या भाषांत जे ख्रिस्ती वाङ्मय निर्माण केले त्याचा मान आजही श्रीलंकेत आहे. त्यांच्यावर एक स्वतंत्र व्याख्यान व्हावे.

१६ जानेवारी १७११ रोजी वाझ कँडीत वारले. बेटावर पाय ठेवल्यापासून ते गोव्याला परतले नाहीत. डचांचा कायदा तसाच होता. तो त्यांच्यानंतरही पंचाऐंशी वर्षे, डच सत्ता १७९६ मध्ये जाईपर्यंत, होता. कॅथॉलिकांवरील निर्बंध इंग्रजांनी १८०६ मध्ये उठविले. तेव्हा डच वह्यांतील हजारो प्रॉटेस्टंट पाहता पाहता दिसेनासे झाले आणि कॅथॉलिक उरले. कँडीतली ती इगर्ज पुढे नष्ट झाली. वाझ यांना नेमके कोठे पुरले हे आज कुणालाही निश्चित सांगता येत नाही.

आणि जुन्या गोव्यातील तो संघ? डचांना जो दीडशे वर्षांत मोडता आला नाही तो १८३५ मध्ये पोर्तुगाल सरकारनेच, इतर सर्व धर्मसंघांबरोबर, एका हुकुमाने बंद केला. टेकडीवर आता पडक्या भिंती आहेत. सांकवाळलाही मोठ्या इगर्जेची नुसती दर्शनी भिंत उभी आहे.

वाझ यांना १९९५ साली कोलंबोत धन्य आणि १४ जानेवारी २०१५ रोजी तेथेच संत घोषित करण्यात आले. आमच्या वर्गातील तो शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी त्या दिवशी कोलंबोला गेला होता. परत आल्यावर तो माझ्या घरी आला, आणि आपण समारंभाचे काही सांगू असे मला वाटत असता मडूविषयीच बोलत राहिला. पोप त्याच दिवशी दुपारी मडूला गेले होते. १६७० साली जंगलात नेलेली ती मूर्ती तिथे आहे. यादवी युद्धात तोफा जवळ आल्या तेव्हा, २००८ च्या एप्रिलमध्ये, पाद्रींनी ती पुन्हा एकदा उचलून दुसरीकडे नेली आणि ऑगस्टमध्ये परत आणून बसविली. “वाहून नेणारे तमिळ, दर्शनाला येणारे सिंहलीही,” तो म्हणाला. मग त्याने विचारले की वेलिंगची जत्रा कधी असते, आणि या वर्षी आपण दोघांनी जायचे का.

आम्ही गेलो.