पाणबुडी आणि तिला घडविणारे हात

पैनगंगेच्या काठी राहणाऱ्या माणसाने समुद्राविषयी बोलावे, आणि तेही समुद्राच्या पोटात चालणाऱ्या नावेविषयी, हे कित्येकांस विचित्र वाटेल. आमच्या मेहकरास समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला निळा रंग. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम निवडला. आरमाराचा खर्च जसा मुंबईकराच्या खिशातून जातो तसाच तो आमच्या कापूस-सोयाबीनवाल्याच्या खिशातूनही जातो. आणि ज्या वस्तूचे दाम आपण मोजतो तिचा इतिहास ठाऊक असणे हा आपला हक्क आहे. दुसरे कारण आमच्या कामाचे आहे. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. कॉलेजचा उंबरठा आम्ही ओलांडला नाही. जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि गेटसभांच्या गर्दीत. म्हणून कोणतेही यंत्र पाहिले की आमच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा: हे घडविले कोणी, आणि ते चालविताना जिवाची जोखीम कोणाची?

पाणबुड्यांच्या गोष्टी सांगणारे लोक बहुधा हिशेब देतात तो बुडविलेल्या जहाजांचा. अमकीने इतकी बुडविली, म्हणून ती थोर. आमचे माप निराळे आहे. त्या मापाने ज्या पाणबुड्या आम्हांस विसरता येत नाहीत, त्यांतल्या काहींची हकिकत आज सांगावयाची आहे.

प्रथम ही वस्तू आहे तरी काय ते पाहू. विहिरीत सोडलेली रिकामी घागर तरंगते आणि पाणी भरले की बुडते, एवढेच पाणबुडीचे मूळ गणित. तिच्या अंगाभोवती टाक्या असतात. त्यांत समुद्राचे पाणी घेतले की ती खाली जाते. दाबून भरलेली हवा सोडून ते पाणी बाहेर लोटले की वर येते. डिझेल एंजिनाला हवा लागते, म्हणून पाण्याखाली तिची गती विजेच्या बॅटऱ्यांवर चालते आणि त्या बॅटऱ्या भरण्यासाठी तिला पृष्ठभागाजवळ येऊन एंजिन चालवावे लागते. तेच तिच्या धोक्याचे तास. खाली गेल्यावर दर दहा मीटरला चौरस सेंटिमीटरमागे सुमारे एक किलो दाब वाढतो. दोनशे मीटरवर तळहाताएवढ्या जागेवर वीस क्विंटलांचा भार पडतो. आमच्या बाजारात वीस क्विंटल कापसाला गाडी लागते. तितके ओझे तळहाताएवढ्या पोलादावर, आणि असे हजारो तळहात! हा भार तोलून धरतो तो वेल्डरने घातलेला सांधा. त्या सांध्याची क्ष-किरणांनी तपासणी होते. एका सांध्यात फट राहिली तर आतली सारी माणसे गेली. ज्या धंद्यात एका कारागिराच्या प्रामाणिकपणावर चाळीस-पन्नास माणसांचे प्राण टांगलेले असतात, असे धंदे जगात फार नाहीत.

आता इतिहासाकडे वळू. आपल्या देशाच्या कथेत पाणबुडी पहिल्यांदा ठळकपणे येते ती सुभाषबाबूंच्या प्रवासात. फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मनीतल्या कील बंदरातून 'यू-१८०' या पाणबुडीने ते निघाले. सोबत आबिद हसन हे सहकारी. अडीच महिने डिझेलच्या वासात आणि कोंदट हवेत काढून एप्रिलच्या अखेरीस मादागास्करच्या बाजूला जपानी 'आय-२९' तिला येऊन मिळाली. खवळलेल्या समुद्रात रबरी तराफ्यावरून दोघे एका पाणबुडीतून दुसरीत गेले, आणि मे महिन्यात सुमात्राजवळच्या साबांग बेटावर उतरले. पुढचा आझाद हिंद सेनेचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. त्या दोन नावांचे पुढे काय झाले हे मात्र कोणी विचारीत नाही. १९४४ च्या जुलैत 'आय-२९' बुडाली, ऑगस्टमध्ये 'यू-१८०' नाहीशी झाली. ज्या नावांनी आपल्या नेत्याला समुद्रापलीकडे नेले त्या दोन्ही आपल्या खलाश्यांसह दीड वर्षाच्या आत तळाशी गेल्या. त्यांचे राज्यकर्ते कसे होते हे आम्ही विसरत नाही. पण शिधा आणि पगार यांवर राबणाऱ्या खलाश्याची गणना राज्यकर्त्यांत करता येत नाही.

स्वतंत्र भारताची पहिली पाणबुडी 'कलवरी'. ८ डिसेंबर १९६७ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत संघातील रिगा बंदरात ती आपल्या नौदलात दाखल झाली. तिच्यावर जाणारी माणसे आधी रशियन भाषा शिकली, कारण सारी यंत्रे आणि सारी पुस्तके त्याच भाषेत. तिच्या मागोमाग १९६८ साली 'खांदेरी' आली. हे नाव ऐकताच मराठी माणसाचे कान टवकारतात. मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर १६७९ साली शिवाजी महाराजांनी कोट बांधावयास घेतला, तेव्हा इंग्रजांची जहाजे ते काम बंद पाडण्यासाठी भोवती घिरट्या घालीत होती. मायनाक भंडारी आणि त्यांची माणसे मात्र दगडावर दगड चढवीत राहिली. रात्रीच्या अंधारात होड्यांतून रसद येत राहिली. पुढल्या वर्षाच्या आरंभी इंग्रजांनी नाद सोडून समेट केला. म्हणजे खांदेरीचा विजय जितका तलवारीचा तितकाच गवंड्याच्या थापीचाही आहे. पाणबुडीस हे नाव देणाऱ्याने फार योग्य नाव दिले, असे आम्हांस वाटते.

या रशियन पाणबुड्या सुमारे एक्क्याण्णव मीटर लांबीच्या, आणि त्यांत पंचाहत्तरच्या आसपास माणसे. झोपावयाच्या जागा माणसांहून कमी. एकाची पाळी संपली की त्याच बिछान्यावर दुसऱ्याने अंग टाकावे. गोडे पाणी मोजून मिळे, अंघोळीचे नाव नको. ज्यांना हे डोळ्यांनी पाहावयाचे असेल त्यांनी विशाखापट्टणास जावे. तेथे 'कुरसुरा' ही त्याच घराण्यातली पाणबुडी २००२ पासून समुद्रकिनाऱ्यावर सर्वांसाठी खुली आहे. आपल्या गिरणगावातल्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे खानावळीचे गाळे ज्यांनी पाहिले, त्यांना ती जागा ओळखीची वाटेल.

१९७१ च्या युद्धाने पाणबुडीची दोन्ही तोंडे दाखविली. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री पाकिस्तानची 'गाझी' विशाखापट्टणसमोर बुडाली आणि नव्वदांवर माणसे तिच्याबरोबर गेली. ती आपल्या 'विक्रांत'च्या शोधात आली होती; 'विक्रांत' त्या वेळी दूर अंदमानकडे होती. 'राजपूत' या आपल्या युद्धनौकेने टाकलेल्या डेप्थ चार्जांनी ती फुटली असे आपले म्हणणे; तिच्याच पोटात किंवा तिच्याच सुरुंगांनी स्फोट झाला असे पाकिस्तानचे म्हणणे. इतिहास सांगणाऱ्याने दोन्ही बाजू मांडाव्यात. लगोलग ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने पाणतीर सोडून आपली 'खुकरी' बुडविली. अठरा अधिकारी आणि एकशे शहात्तर नाविक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. त्यांच्या धैर्याला आमचा प्रणाम आहे. पण मुल्लांचे नाव घेताना त्या एकशे शहात्तरांची आठवण ठेवणारी माणसे आम्हांस थोडी भेटतात. जहाजाच्या तळघरात, एंजिनाजवळ ज्यांची पाळी असते त्यांना वर यावयास वेळच मिळत नाही.

त्याच युद्धात आपली 'करंज' पाकिस्तानच्या किनाऱ्याजवळ गस्त घालीत होती. तिचे नायक होते व्ही. एस. शेखावत, पुढे ते नौदलप्रमुख झाले. लक्ष्याची ओळख पक्की पटल्याखेरीज पाणतीर सोडावयाचा नाही, अशी कडक आज्ञा आपल्या पाणबुड्यांना होती. 'करंज'ने एकही जहाज बुडविले नाही, पण शेखावतांना वीरचक्र मिळाले. व्यापारी जहाजावरच्या परक्या खलाश्याचा जीव चुकूनही जाऊ नये म्हणून हात आवरून धरणे, हेही शौर्यच होय. बुडविलेल्या जहाजांचा हिशेब करणाऱ्यांच्या यादीत 'करंज' वर येणार नाही. आमच्या यादीत ती फार वर आहे.

आता आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. १९८१ साली भारत सरकारने जर्मनीच्या कील येथील कारखान्याशी करार केला. चार पाणबुड्या: दोन तेथे बांधावयाच्या, दोन मुंबईच्या माझगाव गोदीत. ही गोदी १९६० साली सरकारने ताब्यात घेतली होती, आणि तेथे बांधलेली 'निलगिरी' ही युद्धनौका १९७२ साली पाण्यावर कामाला लागली होती. परंतु पाणबुडी ही गोष्टच वेगळी. माझगावचे कारागीर शिकण्यासाठी जर्मनीस गेले. परत येऊन त्यांनी त्याच हातांनी भारतात बांधलेली पहिली पाणबुडी उभी केली. तिचे नाव 'शल्की'. ७ फेब्रुवारी १९९२ रोजी ती नौदलात आली आणि १९९४ साली तिची बहीण 'शंकुल'. या घराण्याचे एक वैशिष्ट्य सांगण्याजोगे आहे. तिच्या पोटात एक पोलादी गोल आहे. अपघात झाला तर सगळ्या माणसांनी त्यात शिरावे, आणि तो सुटून वर यावा. साहेबास एक वाट आणि खलाश्यास दुसरी, असा भेद त्यात नाही. बचावाची जागा सर्वांना पुरेल इतकी हवी, ही कामगार चळवळीची जुनी मागणी. ती पोलादात ओतलेली पाहून आम्हांस समाधान वाटते.

पण पुढे काय झाले? १९८७ साली या खरेदीत दलालीचे आरोप उठले. गदारोळ झाला, चौकश्या झाल्या, आणि पुढच्या पाणबुड्यांचा विचार बारगळला. दलालाची चौकशी व्हावयासच हवी होती; परंतु शिक्षा झाली ती कारागिराला. 'शंकुल' गेल्यावर पाणबुडी-विभागात काम उरले नाही. जे वेल्डर, जोडारी आणि नक्शानवीस लाखमोलाचे कसब शिकून आले होते ते पांगले. कोणी दुसऱ्या कामावर, कोणी निवृत्त. नव्या पाणबुड्यांचा करार झाला तो २००५ साली, फ्रान्सबरोबर, आणि त्यांतली पहिली नौदलात आली १४ डिसेंबर २०१७ रोजी. १९९४ ते २०१७: तेवीस वर्षे. एक पिढी शिकली आणि दुसरीस शिकविण्याआधीच हातातले हत्यार खाली ठेवावे लागले. कसब म्हणजे चुलीतला विस्तव. राखेखाली जपला तर सकाळी फुंकर पुरते. एकदा विझला की शेजारी मागावयास जावे लागते, आणि शेजारी फुकट देत नाही.

या रिकाम्या वर्षांची किंमत नौदलानेही मोजली. नव्या येईनात म्हणून जुन्या पाणबुड्या दुरुस्त करकरून चालवाव्या लागल्या. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईच्या नौदल गोदीत उभ्या असलेल्या 'सिंधुरक्षक'मध्ये स्फोट झाले आणि अठरा माणसे धक्क्यालगतच बुडून गेली. दुसऱ्या दिवशी देश स्वातंत्र्यदिन साजरा करीत होता आणि गोदीत पाणबुडे गढूळ पाण्यात चाचपडत सोबत्यांची प्रेते शोधीत होते. सहा महिन्यांनी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, मुंबईजवळच्या समुद्रात 'सिंधुरत्न'मध्ये धूर कोंडून दोन अधिकारी मृत्यू पावले. नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन त्याच दिवशी राजीनामा दिला. कारखान्यांतल्या अपघातांनंतर मालकाने असे केल्याचे आमच्या इतक्या वर्षांच्या कामात आम्ही पाहिले नाही. म्हणून ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदवितो.

माझगावच्या गोदीने पुन्हा विस्तव पेटविला हे सांगावयास आनंद वाटतो. नवी 'कलवरी', मग २०१९ साली नवी 'खांदेरी', २०२१ साली 'करंज' आणि 'वेला', २०२३ साली 'वागीर', आणि १५ जानेवारी २०२५ रोजी 'वागशीर'. सहा पाणबुड्या आणि नावे बहुतेक जुन्याच घराण्यांची. नव्या 'करंज'च्या समारंभाला जुन्या 'करंज'चे शेखावत स्वतः हजर होते. पाणबुडीवाल्यांत ही परंपरा आहे, नाव मरू द्यावयाचे नाही. आमचे म्हणणे इतकेच, की नावाबरोबर कसबही मरू देऊ नये. सहावी पाणबुडी गोदीतून गेली की त्या सांध्यांवरचे हात पुन्हा रिकामे बसणार काय, हा प्रश्न मुंबईच्या गेटावर जितका विचारावयाचा तितकाच मेहकरच्या चावडीवरही विचारावयाचा आहे. आपण कर देतो, म्हणून आपण मत द्यावे.

युद्ध व्हावे असे कोणत्याही कष्टकऱ्यास वाटत नाही. 'गाझी'तला खलाशी असो वा 'खुकरी'तला, घरी वाट पाहणारी माणसे दोन्हीकडे सारखीच. परंतु जोवर जगात आरमारे आहेत तोवर आपल्या पोरांना ज्या नावेत बसवून समुद्राच्या तळाशी पाठवावयाचे, तिचा सांधा पक्का असला पाहिजे. आणि सांधा पक्का राहावयाचा असेल तर तो घालणाऱ्या हाताला बाराही महिने काम, रास्त दाम आणि मान मिळाला पाहिजे. पाणबुडीच्या इतिहासातून आम्ही एवढेच शिकलो, आणि तेच आपणांपुढे ठेवले.