1855 चा एक हरलेला डाव

झाशीच्या या पोस्टिंगमध्ये संध्याकाळी बॅरकमध्ये बुद्धिबळाचा पट मांडला जातो. तरुण जवानांचा प्रश्न ठरलेला: "साहेब, सगळ्यात चांगली ओपनिंग कोणती?" मग मोबाइलवर लाखो डावांचा डेटाबेस उघडतात आणि कोणत्या चालीने किती टक्के डाव जिंकले ते बघतात.

त्यांना मी एक जुना डाव दाखवतो. इंग्रजांनी झाशी खालसा केली 1854 मध्ये. पुढच्याच वर्षी, मे महिन्यात, कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टरविरुद्ध काळी मोहरी घेऊन खेळले. आपल्याकडच्या जुन्या खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. त्यामुळे मध्य लगेच प्याद्यांनी न भरता उंट बाजूने रोखायची देशी खेळाडूंना सवय होती. बॅनर्जींनी घोडा काढला, राजाच्या घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवले आणि तिसऱ्या चालीला वजिरापुढचे प्यादे दोन घरे टाकून मध्यावर टक्कर दिली.

डाव ते हरले. 1922 मध्ये व्हिएन्नात अर्न्स्ट ग्रुनफेल्डने हीच मांडणी खेळून अलेखाइनला हरवले आणि तिला नाव पडले 'ग्रुनफेल्ड डिफेन्स'. 1986 च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत कास्पारोव्हने कार्पोव्हविरुद्ध तीच वापरली.

डेटाबेसमध्ये बॅनर्जींच्या डावापुढे फक्त 'पराभव' एवढीच नोंद आहे. टक्केवारी मोजणारा ती चाल टाकून देईल. इंजिनला विचारा, ते सांगेल की सुरुवात भक्कम होती. घात झाला तो शेवटच्या दोन-तीन चालींत. निकाल आणि आखणी या वेगळ्या गोष्टी आहेत. एक्सरसाइजनंतरच्या डीब्रीफमध्ये आपण हेच शोधतो: प्लॅन चुकला की अंमल? 1858 मध्ये झाशीचा किल्ला पडला, म्हणून तो लढवणे चूक होते असे कोण म्हणेल?

उलट बाजूही आहे. 2010 मध्ये सोफियात टोपालोव्हविरुद्ध पहिल्याच डावात आनंद ग्रुनफेल्ड खेळला, तयारीतला चालींचा क्रम विसरला आणि हरला. पुढे जगज्जेतेपद त्यानेच राखले. यंत्राने दिलेली चाल पाठ असून भागत नाही, ती का आहे ते कळावे लागते.

म्हणून पोरांना सांगतो: आधी आपले हरलेले दहा डाव इंजिनला दाखवा. कितव्या चालीला गाडी घसरली ते लिहून काढा. ओपनिंग बदलायची की नाही, ते त्यानंतर ठरवा.