तीन मैलांपलीकडचा पेला

दिवाळी अंकात, चकली-करंजीच्या शेजारी, मद्याची बाटली आणून ठेवली म्हणून घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी रागावू नये. ती उघडावयाची नाही. तिच्या बुचावरची मोहोर कोणाची आहे, एवढेच आपल्याला पाहावयाचे आहे.

हल्ली आपल्याकडील पुष्कळ कुटुंबे सागरी सहलींना जातात. आगबोट कसली, तरंगते गावच ते! तेथे पोहण्याचा तलाव आहे, नाटकगृह आहे, दिवसभर चालणारी भोजनगृहे आहेत. परंतु या गावात शिरताना उतारूंच्या सामानाची झडती होते, आणि ती केवळ शस्त्रांसाठी नसते. अनेक कंपन्यांचा नियम असा की, प्रौढ उतारूने पहिल्या दिवशी वाइनची ७५० मिलिलिटरची एक बाटली सोबत आणावी. व्हिस्की, रम यांचे नावही काढू नये. वाटेतल्या बंदरात कोणी बाटली विकत घेतलीच, तर ती बोटीवर ताब्यात घेतली जाते आणि सफर संपताना परत मिळते. स्वतःची वाइन भोजनगृहात उघडायची म्हटली, तरी बूच काढण्याचे शुल्क बहुधा द्यावे लागते. मग चूळ भरण्याच्या औषधाच्या बाटलीत रंगवलेले मद्य भरून नेण्यासारख्या युक्त्या निघतात. एरवी सभ्य असणारी माणसे अशा वेळी शाळकरी पोरांसारखी वागतात.

मी शाळेत इतिहास शिकवतो. त्यामुळे असा एखादा नियम दिसला की, तो कोणी केला आणि कोणासाठी केला, हे विचारण्याची खोडच लागली आहे. बोटीवर आपली बाटली आणू न देण्यामागे आज गल्ल्याचा हिशेब आहे, हे उघड आहे. बोटीवरचा पेला महाग विकावयाचा, तर उतारूच्या पेटीतला पेला बंद केलाच पाहिजे. पण शंभर वर्षांपूर्वी याच बाटलीवरून दोन बलाढ्य राष्ट्रांत तंटा झाला होता, आणि तेव्हा प्रश्न गल्ल्याचा नव्हता. समुद्रावर राज्य कोणाचे, हा होता.

त्याआधी थोडे खलाशांकडे पाहू. शिडांच्या जहाजांवर गोडे पाणी पिंपांत भरून नेत. काही आठवड्यांत ते शेवाळून जाई. म्हणून इंग्रजी आरमारात माणशी दिवसाला एक गॅलन बिअर देण्याची पद्धत होती. वेस्ट इंडीजच्या उष्ण समुद्रांत बिअर टिकेना, तेव्हा तिची जागा रमने घेतली. अर्धा पाइंट कडक रम रोज, आणि तीही बिनपाण्याची! मग शिडाच्या दोरांवर चढलेला माणूस खाली पडला तर नवल ते काय? २१ ऑगस्ट १७४० रोजी जमैकाजवळच्या आरमाराचा अधिपती एडवर्ड व्हर्नन याने हुकूम काढला की, अर्ध्या पाइंट रममध्ये चौपट पाणी मिसळावे, ते उघड्या डेकवर अधिकाऱ्यासमक्ष मिसळावे आणि दिवसातून दोन वेळा वाटावे. व्हर्नन ‘ग्रॉग्रॅम’ नावाच्या जाड्याभरड्या कापडाचा डगला घालीत असे. त्यावरून खलाशांनी त्या पाणचट पेयाला ‘ग्रॉग’ म्हणावयास सुरुवात केली, असे सांगतात.

या व्यवस्थेतली एक गोष्ट मला नेहमी टोचते. दारू देणारे सरकार, आणि दारू पिऊन झिंगला म्हणून त्याच खलाशाच्या उघड्या पाठीवर चाबूक ओढणारेही सरकारच. पेला आणि फटका एकाच हातातून येत असे. पुढे १८२४ साली रम निम्मी झाली, १८५० साली आणखी निम्मी झाली. जो घेत नसे त्याला त्याबद्दल दिवसाचे तीन पेन्स मिळत. शेवटचा पेला वाटला गेला ३१ जुलै १९७० रोजी. त्या दिवशी काही नौकांवरील खलाशांनी दंडाला काळ्या फिती बांधून रमची थट्टेखोर अंत्ययात्रा काढली.

अमेरिकन आरमाराने मात्र खलाशांची दारू १८६२ सालीच बंद केली होती, आणि १९१४ साली आरमारमंत्री जोसेफस डॅनियल्स यांनी अधिकाऱ्यांची वाइनही उतरवली. पुढे जे घडले त्याची ही नांदीच म्हणावयाची. १९१९ साली त्या देशाच्या घटनेत अठरावी दुरुस्ती झाली आणि १७ जानेवारी १९२० पासून मद्य बनवणे, विकणे, वाहून नेणे, देशात आणणे वा देशाबाहेर पाठवणे हे सारे बेकायदा ठरले. गंमत अशी की, पिणे हा मात्र गुन्हा नव्हता. सर्व वाटा बंद, पण तोंड उघडे!

जमिनीवर हे ठीक होते, समुद्रावर काय? पहिल्या महायुद्धात अमेरिकेने कित्येक जर्मन आगबोटी ताब्यात घेतल्या होत्या आणि त्यांतील काही सरकारी नौवहन मंडळातर्फे उतारूंसाठी चालत. इंग्रजी व फ्रेंच बोटींवर भरले पेले मिळत असता आपल्या बोटींवर लिंबाचे सरबत देऊन गिऱ्हाईक कसे टिकणार? म्हणून किनारा सुटून तीन मैल झाले की सरकारी बोटीवरही मद्य विकले जाऊ लागले. त्या काळी किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंतचे पाणी देशाचे आणि पुढचे कोणाचेच नाही, असा सर्वमान्य संकेत होता.

१९२२ साली सेंट लुइसचे प्रसिद्ध बिअर कारखानदार ऑगस्ट बुश युरोपला निघाले. दारूबंदीमुळे त्यांच्या कारखान्यात बिनमद्याचे पेय बनवण्याची पाळी आली होती. त्यांची बोट सरकारी मालकीची, नाव ‘जॉर्ज वॉशिंग्टन’. तिच्यावर राजरोस मद्य विकले जात असलेले पाहून त्यांनी राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्याकडे लेखी तक्रार केली. मथितार्थ हा की, मला जे करण्याबद्दल तुरुंग दाखवता, तोच धंदा सरकार स्वतःच्या बोटीवर करते आहे.

येथे इतिहासाची थट्टा पाहण्यासारखी आहे. ज्या वॉशिंग्टनचे नाव बोटीला दिले होते, ते स्वतः आयुष्याच्या अखेरीस व्हिस्कीची मोठी भट्टी चालवीत. १७९९ साली तिच्यातून सुमारे ११,००० गॅलन व्हिस्की निघाली. त्यांच्या इस्टेटीचे नाव ‘माउंट व्हर्नन’. ते ठेवले त्यांच्या सावत्र भावाने, तो ज्याच्या हाताखाली लढला त्या अधिपतीच्या आदराखातर. तो अधिपती म्हणजे रममध्ये पाणी ओतणारा आपला एडवर्ड व्हर्नन!

बुशच्या तक्रारीचा बोभाटा झाला. ऑक्टोबर १९२२ मध्ये सरकारच्या मुख्य कायदाधिकाऱ्याने मत दिले की, अमेरिकन बोट जगात कोठेही असो, तिच्यावर मद्य नको; आणि परदेशी बोटीनेही आमच्या पाण्यात मद्य आणता कामा नये, मग ते कुलूपबंद का असेना. आगबोट कंपन्या न्यायालयात गेल्या. अर्थखात्याचे प्रमुख अँड्र्यू मेलन यांच्याविरुद्धच्या या दाव्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल १९२३ रोजी दिला. बोट म्हणजे देशाचा तरंगता तुकडा, ही नुसती उपमा आहे, असे न्यायाधीश म्हणाले. म्हणजे खुल्या समुद्रात अमेरिकन बोटीला दारूबंदी लागू नाही. पण तीन मैलांच्या आत कोणत्याही देशाची बोट असो, तिच्यावरची मोहोरबंद बाटलीसुद्धा बेकायदा.

निकालाने मुभा दिली तरी सरकारने लाजेकाजेस्तव आपल्या बोटी कोरड्याच ठेवल्या. ‘लेव्हायथन’ ही अवाढव्य बोट ४ जुलै १९२३ रोजी, स्वातंत्र्यदिनी, न्यूयॉर्कहून निघाली ती कोरडीच. परदेशी बोटींची अडचण निराळी होती. इंग्लंडहून निघालेल्या बोटीला परतीच्या वाटेसाठी मद्य लागणार; ते न्यूयॉर्कच्या गोदीत उभे असताना ठेवायचे कोठे? फ्रेंच खलाशाला तर रोजची वाइन देणे त्याच्या देशाच्या कायद्यानेच बंधनकारक होते. कप्तानाने एक कायदा पाळला की दुसरा मोडे.

जून १९२३ मध्ये ‘बाल्टिक’ आणि ‘बेरेंगारिया’ या इंग्रजी बोटी परतीचे मद्य कोठारात ठेवून, त्यावर इंग्रज सरकारची मोहोर लावून न्यूयॉर्कला आल्या. अमेरिकन अधिकारी बोटीवर चढले, त्यांनी मोहोर फोडली आणि मद्य जप्त केले. एका राष्ट्राची मोहोर दुसऱ्याने फोडणे म्हणजे साधी गोष्ट नव्हे. लंडनमध्ये संताप उसळला. अखेर २३ जानेवारी १९२४ रोजी तह झाला. इंग्रजी बोटींनी मोहोरबंद मद्य बंदरात आणावे, अमेरिकेने त्याला हात लावू नये. बदल्यात चोरट्या मद्याचा संशय आल्यास, किनाऱ्यापासून तासाभराच्या वाटेवर असलेली इंग्रजी नौकाही अमेरिकेने तपासावी. मैलांचे माप जाऊन तेथे घड्याळ आले! अंतराचे गणित असे तासांत सोडवलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

पुढे १९२९ साली मंदी आली. युरोपला जाणारे उतारू घटले, मोठमोठ्या बोटी रिकाम्या पडल्या. मग कंपन्यांनी युक्ती काढली. न्यूयॉर्कहून निघावयाचे, समुद्रात दोन-चार दिवस घालवावयाचे आणि परत यावयाचे. बंदर कोणतेच नाही. मुक्कामाचे ठिकाण म्हणजे खुल्या समुद्रावरचे मद्यालय. जिची मोहोर फोडली गेली ती ‘बेरेंगारिया’ही अशा स्वस्त सफरींसाठी प्रसिद्ध झाली आणि तिच्या नावावर कोट्या होऊ लागल्या. आजच्या सागरी सहलींच्या वंशावळीत या सफरींनाही एक जागा द्यावी लागते.

आता किनाऱ्यावर काय चालले होते, तेही पाहिले पाहिजे. तिकिटाचे पैसे ज्याच्या खिशात होते, त्याला तीन मैलांपलीकडे उत्तम स्कॉच मिळत होती आणि तीही कायद्याला धक्का न लावता. ज्याच्याजवळ पैसे नव्हते, तो गल्लीतल्या चोरट्या गुत्त्यात जाई. तेथील माल पुष्कळदा कारखान्यांसाठीच्या मद्यार्कापासून बनवलेला असे. आणि तो कोणी पिऊ नये म्हणून सरकारी नियमानेच त्यात मिथेनॉलसारखे विष मिसळलेले असे. ते पुरते निघत नसे. १९२६ च्या नाताळात न्यूयॉर्कमध्ये असे मद्य पिऊन अनेक माणसे दगावली. एकच घटना, एकच दुरुस्ती. एकाला तिने सागरी सहल दिली, दुसऱ्याला मरण. ५ डिसेंबर १९३३ रोजी ती दुरुस्ती रद्द झाली, पण मेलेली माणसे काही परत आली नाहीत.

हा दूरदेशीचा इतिहास म्हणून आपण हात झटकू नयेत. १९४९ साली मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला, तेव्हा आपल्या कायदेकर्त्यांपुढेही बोट येऊन उभी राहिलीच. मालवाहू बोटी, युद्धनौका आणि सैन्य नेणाऱ्या नौका यांवर परदेशी मद्य पिण्यास परवानगी देण्याचा अधिकार सरकारने एका कलमाने स्वतःकडे ठेवला होता. बलसारा नावाच्या गृहस्थांनी या कायद्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी औषधी व सुगंधी द्रव्यांवरील काही बंधने रद्द केली. लष्कराची सवलत मात्र कायम ठेवली. प्रकृतीच्या कारणास्तव परवाना मिळवण्याचीही सोय होती. परवाना, वैद्याचा दाखला, बोटीचा डेक या पायऱ्या ज्याला चढता आल्या, त्याची तहान कायदेशीर ठरली. बाकीच्यांसाठी हातभट्टी होतीच.

कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्या दारूतही मिथेनॉलच होते. तेव्हा राज्यात दारूबंदी नव्हती, दुकाने उघडी होती. पण दुकानातली बाटली मजुराच्या खिशाला परवडत नव्हती. न्यूयॉर्कमध्ये तीन मैल समुद्राचे होते, मालवणीत ते रुपयांचे होते.

मी स्वतः मद्याचा कैवारी नाही. घराघरांतून त्याने काय केले, हे शाळेत मुलांच्या चेहऱ्यांवर वाचावे लागते. महिनाअखेरीस फी न आणणाऱ्या मुलाला कारण विचारले की तो खाली पाहतो, आणि मला उत्तर कळते. म्हणूनच बंदीचा हेतू वाईट होता, असे मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या ज्या स्त्रियांनी त्यासाठी वर्षानुवर्षे चळवळ केली, त्यांनीही असेच खाली पाहणारे चेहरे पाहिले असतील. माझी तक्रार आहे ती त्या तीन मैलांबद्दल. कायदा करणाऱ्यांनी स्वतःसाठी नि आपल्यासारख्यांसाठी कडेला एक पळवाट ठेवली, आणि जे तिथवर पोहोचू शकत नव्हते, त्यांच्यावर सगळा भार टाकला.

सातवीच्या वर्गात समुद्री हद्दीचा धडा येतो, तेव्हा मी फळ्यावर किनारा काढतो आणि त्यापुढे एक तुटक रेघ ओढतो. आता भारताची ती रेघ बारा सागरी मैलांवर आहे. मुले विचारतात, “गुरुजी, रेघेपलीकडे कोणाचा कायदा?” बोटीवर ज्या देशाचा झेंडा असेल त्याचा, असे पुस्तकातले उत्तर मी देतो. मग मीच उलट प्रश्न घालतो : रेघेपर्यंत जायला होडी कोणाकोणाकडे आहे? वर्गातले कोळ्याचे पोर तेवढे हात वर करते. बाकीचे एकमेकांकडे पाहतात.