परवाना कोणाच्या नावाचा? : नायजेरियन कुशल श्रमिक आणि ब्रिटनचे दार

‘हातात कसब असले की जगात कुठेही पोट भरता येते,’ असे आपल्याकडे शिकणाऱ्या मुलाला सांगण्याची पद्धत आहे. या वाक्यातला ‘कुठेही’ हा शब्द एकदा तपासून पाहिला पाहिजे. माणसाचे कसब त्याच्याबरोबर जाते हे खरे; पण ते वापरण्याचा अधिकार त्याच्याबरोबर जातो काय? नायजेरियातील नर्स, डॉक्टर, शिक्षक, इंजिनिअर गेली पाऊणशे वर्षे ब्रिटनच्या दाराशी जे कागद घेऊन उभे आहेत, त्या कागदांचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो. हा इतिहास आपणाला सर्वस्वी परका नाही. लागोसच्या माणसाला ज्या कायद्यांनी आत घेतले किंवा अडवले, त्यांतले बहुतेक कायदे मुंबईच्या आणि जालंधरच्या माणसालाही लागू होते.

आरंभी परवाना नव्हताच. १९४८ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्याने वसाहतींतील व राष्ट्रकुलातील लोकांचा ब्रिटनमध्ये येऊन राहण्याचा, काम करण्याचा हक्क मान्य केला होता. त्याच वर्षी ५ जुलैला ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि तिला नर्सेस कमी पडू लागल्या. तेव्हा वसाहतींमध्ये निवड समित्या नेमण्यात आल्या. त्यांत नायजेरियाही होता. याआधी नायजेरियन नर्स लंडनला गेलीच नव्हती असे नाही. अबेओकुटाच्या राजाची मुलगी अडेनरेले अडेमोला १९३० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये नर्सिंग शिकली, आणि युद्धकाळात सरकारी फिल्म युनिटने तिच्यावर एक चित्रपटही काढला. राजकन्येवर चित्रपट निघाला. तिच्यामागून आलेल्या सामान्य घरच्या मुलींच्या वाट्याला काय आले?

ब्रिटनमध्ये त्या वेळी नर्सिंगच्या दोन पायऱ्या होत्या. तीन वर्षे शिकून होणारी ‘रजिस्टर्ड’ नर्स वरची, दोन वर्षांत होणारी ‘एनरोल्ड’ नर्स खालची. वरचीला पुढे सिस्टर, मेट्रन होता येई. खालचीला बढतीचा रस्ता जवळजवळ नव्हता. वसाहतींतून आलेल्या अनेक मुलींना, पात्रता असतानाही आणि फरक नीट समजावून न सांगता, खालच्या पायरीवर बसवण्यात आले. खरी मेख पुढेच आहे. हे दोन वर्षांचे प्रमाणपत्र त्यांच्या मायदेशात मानले जात नव्हते! म्हणजे ब्रिटनच्या वॉर्डात ती नर्स, आणि लागोसच्या इस्पितळात कोणीच नाही. दार उघडे होते, पण आत गेल्यावर परतीची वाट बुजवलेली होती. इतिहासकार या काळाला ‘मुक्त प्रवेशाचा काळ’ म्हणतात, तेव्हा ही पायरी ते सहसा मोजत नाहीत.

१ जुलै १९६२ रोजी मॅकमिलन यांच्या हुजूर पक्षाच्या सरकारचा राष्ट्रकुल स्थलांतरित कायदा अमलात आला आणि व्हाउचर नावाचा कागद जन्माला आला. व्हाउचरचे तीन वर्ग होते. ‘अ’ वर्ग ज्याला ब्रिटनमधल्या मालकाने ठरावीक नोकरी देऊ केली आहे त्याचा. ‘ब’ वर्ग ब्रिटनला हवे असलेले कसब ज्याच्याकडे आहे त्याचा. आणि ‘क’ वर्ग उरलेल्या सर्वांचा, ज्यांच्याकडे दोन हातांशिवाय काही नाही त्यांचा. अशी उतरंड पाहिली की आपल्याकडच्या वाचकाला काय आठवेल ते सांगायला नको. साम्य ओढूनताणून दाखवण्याची गरज नाही. ‘क’ वर्गाची व्हाउचरे १९६४ मध्येच देणे थांबले. विरोधी बाकांवरून या कायद्याला कडाडून विरोध करणारा मजूर पक्ष त्याच वर्षी सत्तेवर आला. त्याने काय करावे? १९६५ मध्ये त्याने ‘क’ वर्ग रीतसर रद्द केला आणि एकंदर व्हाउचरांची मर्यादा वर्षाला ८,५०० वर आणली. त्यांतली १,००० एकट्या माल्टासाठी राखून ठेवली. माल्टाची लोकसंख्या तेव्हा सुमारे तीन लाख. १९६३ च्या जनगणनेप्रमाणे नायजेरियाची साडेपाच कोटींहून अधिक. उरलेल्या ७,५०० मध्ये नायजेरिया, भारत, पाकिस्तान, वेस्ट इंडिज असे सगळे. आयर्लंडमधून येणाऱ्या गोऱ्या मजुराला तर हा कायदा प्रत्यक्षात लावलाच गेला नाही.

तरीही व्हाउचरबद्दल एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे. ते घेऊन आलेला माणूस एकदा आत आला की मोकळा होता. तो नोकरी बदलू शके, बायकामुलांना बोलावू शके. कागद त्याच्या नावाचा होता.

नायजेरियनांचा मोठा ओघ मात्र व्हाउचरच्या रस्त्याने आला नाही. तो विद्यार्थी म्हणून आला. इबादानला १९४८ मध्ये विद्यापीठ महाविद्यालय निघाले तेही लंडन विद्यापीठाच्या छत्राखाली, तेव्हा कायदा, हिशेबशास्त्र, वैद्यक शिकायला लंडनला जाणे ही स्वाभाविक पुढची पायरी वाटे. बुची एमेचेटा ही लेखिका १९६२ मध्ये दोन मुलांना घेऊन, शिकायला गेलेल्या नवऱ्याच्या मागे लंडनला आली. तिची १९७४ ची ‘सेकंड क्लास सिटिझन’ ही कादंबरी आपल्या वाचकांनी अवश्य वाचावी. तिच्यातली अदा लागोसला ग्रंथालयात चांगल्या नोकरीवर असते. लंडनला पोचल्यावर तिथले नायजेरियन शेजारीच तिला सांगतात की इथे आपण दुय्यम आहोत, इतर बायकांसारखी शर्टांच्या कारखान्यात जा. ती ऐकत नाही, ग्रंथालयातच नोकरी मिळवते आणि शिकणाऱ्या नवऱ्यासकट सारे घर चालवते. कागदोपत्री ती नवऱ्यावर ‘अवलंबून’ असलेली व्यक्ती होती. ‘अवलंबित’ हा शब्द ध्यानात ठेवावा, कारण साठ वर्षांनी तो पुन्हा भेटणार आहे.

खरा बदल १ जानेवारी १९७३ ला झाला, आणि गंमत अशी की त्याच्याविषयी फारसे बोलले जात नाही. त्या दिवशी १९७१ चा स्थलांतर कायदा अमलात आला. व्हाउचर गेले, वर्क परमिट आले. हे परमिट नवे नव्हते. १९१९ चा परकीयांविषयीचा कायदा आणि १९२० चा त्याखालचा हुकूम यांनी परक्या देशाच्या मजुरासाठी ते घडवले होते. मालकाने मजूर खात्याकडे अर्ज करायचा, खात्याने मालकाला परवानगी द्यायची. मजुराने काही मागायचे नाही. हीच व्यवस्था आता राष्ट्रकुलातल्या, म्हणजे पिढ्यान्पिढ्या ब्रिटिश प्रजाजन म्हणवलेल्या माणसाला लावण्यात आली. परमिट एका नोकरीचे, एका मालकाकडचे, आरंभी बहुधा एक वर्षाचे. नोकरी बदलायची तर सरकारला विचारायचे. अशी चार वर्षे काढल्यावर बंधने उठवण्याचा अर्ज करता येई. कसब नर्सचे, परवाना इस्पितळाचा! मालकाशी भांडण झाले, युनियनमध्ये नाव घातले, तर तिची केवळ नोकरी धोक्यात येत नव्हती, तिचे त्या देशात असणे धोक्यात येत होते. पुढे पन्नास वर्षांत या कागदाची नावे अनेकदा बदलली. ही गाठ मात्र फारशी सुटली नाही.

पण सत्तरच्या दशकात नायजेरियनाला या गाठीची फिकीर नव्हती. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि नायजेरियाला पैसा कुठे ठेवावा कळेना. १९८० मध्ये एका नायराला दीड डॉलरहून अधिक मिळत. परदेशी शिकलेले लोक घरी परतले. १९७६ मध्ये सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची योजना निघाली, शाळा झाल्या, शिक्षक कमी पडले. तेव्हा भारतातून शिक्षक नायजेरियाला गेले. आपल्या शिक्षक वाचकांच्या ओळखीचे कोणी त्यांत असेलही. त्यांचाही परवाना मालकाच्याच कोट्यातून येत असे, कारण नायजेरियाने १९६३ चा आपला स्थलांतर कायदा करताना परदेशी कामगाराविषयीची दृष्टी ब्रिटनकडूनच घेतली होती.

ही दृष्टी जानेवारी १९८३ मध्ये उघडी पडली. तेलाचे भाव घसरले होते, निवडणूक तोंडावर होती. शगारी यांच्या सरकारने कागदपत्रे नसलेल्या परक्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला. अकुशलांना मुदत दोन आठवड्यांची, ३१ जानेवारीपर्यंत. कुशलांना २८ फेब्रुवारीपर्यंत. सुमारे वीस लाख माणसे बाहेर काढली गेली, त्यांत दहा लाखांच्या वर घानाचे लोक होते. चौकटीच्या प्लास्टिकच्या ज्या पिशव्यांत त्यांनी सामान भरले, त्या पिशवीचे नावच पश्चिम आफ्रिकेत ‘घाना मस्ट गो’ पडले. घानाने १९६९ मध्ये नायजेरियनांना असेच हाकलले होते, हेही विसरता येत नाही. वसाहतवादाने दिलेला कुशल-अकुशल हा भेद काळ्या राज्यकर्त्यांनी काळ्याच माणसांवर चालवला. आफ्रिकी ऐक्याच्या घोषणा देणाऱ्या आपल्या मित्रांना ही गोष्ट आवडणार नाही. पण पीडिताच्या हाती शिक्का आला की तो आपोआप न्याय करू लागतो, हा भाबडेपणा आपण तरी का बाळगावा?

त्याच वर्षअखेरीस लष्कराने सत्ता घेतली. बंडाची घोषणा करणाऱ्या सानी अबाचा यांच्या भाषणात इस्पितळांत औषधे नाहीत, पाणी नाही, ती नुसती सल्ला देण्याचे दवाखाने झाली आहेत, अशी तक्रार होती. तक्रार खरी होती. डॉक्टरांनी तीच तक्रार संप करून मांडली, तेव्हा १९८५ मध्ये बुहारी यांच्या लष्करी राजवटीने त्यांच्या संघटनांवर बंदी घातली. संघटनेतले पुढारी डॉ. बेको रॅन्सम-कुटी तुरुंगात गेले. त्याच काळात दूरदर्शनवर अँड्र्यू नावाचा एक तरुण दाखवत. सोयी नसलेल्या देशाला वैतागून तो बॅग घेऊन निघतो आणि कोणीतरी त्याला समजावून थांबवते. सरकारला वाटले जाहिरात परिणामकारक आहे. लोकांनी जाहिरातीतला बोध टाकून दिला आणि अँड्र्यूला उचलून धरले. १९८६ मध्ये संरचनात्मक समायोजन आले, नायरा कोसळला, डॉक्टर सौदी अरेबियाला, ब्रिटनला, अमेरिकेला निघाले. आणि नेमक्या त्याच वर्षी ब्रिटनने पाच देशांच्या नागरिकांना आगाऊ व्हिसा सक्तीचा केल्याचे जाहीर केले : भारत, पाकिस्तान, बांगलादेश, घाना आणि नायजेरिया.

नव्वदचे दशक लवकर ओलांडू. २००२ मध्ये ब्रिटनने एक वेगळा रस्ता काढला : शिक्षण, अनुभव, कमाई यांचे गुण मोजून, मालकाशिवाय, माणसाच्याच नावाने प्रवेश. नायजेरियन आणि भारतीय पदवीधरांनी त्याचा लाभ घेतला. २००८ मध्ये त्याचे नाव बदलले आणि २०१० च्या अखेरीस बाहेरून येणाऱ्यांसाठी तो बंद झाला. दरम्यान २००६ मध्ये परदेशी डॉक्टरांना परमिटशिवाय प्रशिक्षण घेण्याची सोय एकाएकी काढून घेण्यात आली. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना त्यासाठी लॉर्ड्सच्या न्यायासनापर्यंत गेली. २०२२ मध्ये मालकाशिवायचा रस्ता पुन्हा उघडला, पण तो जगातल्या निवडक विद्यापीठांच्या पदवीधरांपुरता. पहिल्या यादीत आफ्रिकेतले एकही विद्यापीठ नव्हते. भारतातलेही नव्हते.

उरला तो मालकाचा रस्ता. आता मालकाला ‘प्रायोजक’ म्हणतात. गृहखात्याकडून लायसन्स घेतलेला प्रायोजक प्रमाणपत्र देतो, त्यावर व्हिसा मिळतो. नायजेरियाची राजभाषा इंग्रजी, शिक्षण इंग्रजीत. तरी इंग्रजी येते हे नायजेरियनाला परीक्षा देऊन किंवा पैसे भरून दाखला घेऊन सिद्ध करावे लागते. ज्यांना ही माफी आहे त्या देशांच्या यादीत माल्टा आहे. इंजिनिअर असेल तर २०२४ पासून आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, म्हणजे पाच वर्षांचे ५,१७५ पौंड आगाऊ. हे पैसे नायरात मोजायचे, आणि २०२३ च्या जूनमध्ये डॉलरला ४६० च्या आसपास असलेला नायरा २०२४ च्या आरंभीच १,४०० च्या पलीकडे गेला होता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये वृद्धांची, अपंगांची शुश्रूषा करणाऱ्या केअर वर्करचे काम या परवान्यात आले. योरुबात ‘जापा’ म्हणजे पळ काढणे. हा शब्द तोवर साऱ्या नायजेरियाचा झाला होता. बँकेतले कारकून, शिक्षिका, पदवीधर तरुण केअर वर्कर होऊन निघाले. दलालांनी प्रायोजकत्वाची प्रमाणपत्रे बेकायदा विकली. लोकांनी जमिनी विकून ती घेतली, आणि पोचल्यावर कित्येकांना कळले की कामच नाही. प्रायोजकाचे लायसन्स गेले तर शिक्षा कोणाला? कामगाराला ६० दिवसांत नवा प्रायोजक शोधावा लागतो, नाही तर देश सोडावा लागतो. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात शुश्रूषा क्षेत्रातली ४७० हून अधिक लायसन्से रद्द झाली. त्यांच्याशी ३९ हजारांहून अधिक कामगार बांधलेले होते. १९७३ ची गाठ ती हीच. मार्च २०२४ पासून केअर वर्करना आपले ‘अवलंबित’, म्हणजे नवरा, बायको, मुले, आणण्याची बंदी झाली. त्याच वर्षीच्या जानेवारीपासून संशोधन सोडून इतर पदव्युत्तर विद्यार्थ्यांवरही तीच बंदी. आजची एमेचेटा दोन मुलांना घेऊन लिव्हरपूलच्या बंदरात उतरूच शकली नसती.

मायदेशाने काय केले? २०१९ मध्ये, स्वतः डॉक्टर असलेले मजूरमंत्री ख्रिस एनगिगे म्हणाले की डॉक्टर जातात याची चिंता नाही, आपल्याकडे ते जास्तीचे आहेत. २०२३ मध्ये संसदेत उलट विधेयक आले : पाच वर्षे देशात काम केल्याशिवाय डॉक्टरला पूर्ण परवाना देऊ नये. डॉक्टरांनी ते रोखून धरले. फेब्रुवारी २०२४ मध्ये नर्सिंग कौन्सिलने फतवा काढला की परदेशी कौन्सिलला पडताळणीचे पत्र हवे असेल तर आधी दोन वर्षे इथे काम केले पाहिजे. नर्सेस अबुजा आणि लागोसला रस्त्यावर आल्या. त्यांचे म्हणणे साधे होते : पगार द्या, साधने द्या, माणसे नेमा, कागद अडवू नका. ज्या बुहारींनी १९८५ मध्ये डॉक्टरांच्या संघटनांवर बंदी घातली, ते पुढे निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष म्हणून २०१७ मध्ये महिनोन्महिने लंडनला उपचार घेत राहिले, आणि १३ जुलै २०२५ रोजी त्यांचे निधनही लंडनमध्येच झाले.

त्यानंतर नऊ दिवसांनी, २२ जुलैला, ब्रिटनने केअर वर्करची परदेशातून नवी भरती बंद केली. कुशल परवान्याची सर्वसाधारण वेतनमर्यादा २०२० च्या डिसेंबरमध्ये वर्षाला २५,६०० पौंड होती; ती त्या दिवसापासून ४१,७०० झाली. जे आधीच आत आहेत त्या केअर वर्करना जुलै २०२८ पर्यंत मालक बदलण्याची मुभा ठेवली आहे. अर्थात नवा मालकही गृहखात्याच्या यादीतलाच असला पाहिजे.