कप-बोर्ड की कबर्ड?

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत. आहे एक कपाट.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी वर्गात धडा वाचताना मी 'कप-बोर्ड' म्हणालो आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. उच्चार 'कबर्ड' आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. पुढे वर्षभर मी वर्गात इंग्रजीतून तोंड उघडलं नाही.

पण गंमत ऐका. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत कपबोर्ड म्हणजे खरंच कप मांडायचा बोर्ड होता! बोर्ड म्हणजे फळी, आणि फळीचं टेबलसुद्धा. टेबलावर जेवण, म्हणून बोर्ड म्हणजे जेवणखाणही. आपलं 'बोर्डिंग' तिथूनच आलं. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, त्यातलं बोर्डिंग हेच.

सोळाव्या शतकापर्यंत त्या फळीला दारं लागली, तिचं कपाट झालं. कपांशी संबंध सुटला, तसा उच्चारही झिजला. 'प' आणि 'ब' दोन्ही ओठ मिटून म्हणायचे, तेही लागोपाठ. मग 'प' गिळला गेला. सगळा जोर पहिल्या तुकड्यावर, म्हणून दुसरा 'बोर्ड' ढिला पडून 'बर्ड' झाला. आज उच्चाराचे तुकडे दोनच: क-बर्ड. स्पेलिंग मात्र जुन्या जागीच राहिलं.

आपल्याकडे काय वेगळं घडलं? कुंभकाराचा कुंभार झाला, सुवर्णकाराचा सोनार. फरक इतकाच की आपण लिहिणंही बदललं. आणि हो, 'कपाट' हा शब्द कपबोर्डवरून आलेला नाही बरं का! तो संस्कृत आहे, मूळ अर्थ दाराची फळी. त्याच कपाटाचं झिजून 'कवाड' झालं.

आता शेवटचं. कपाळाला इंग्रजीत पूर्वी सर्रास 'फॉरिड' म्हणत. पुढे लोक स्पेलिंग पाहून 'फोर-हेड' म्हणू लागले. हे लोक इंग्रजच होते! आज शब्दकोशात तोही उच्चार आहे. म्हणजे लिहिलंय तसं वाचणं हा काही अडाणीपणा नाही.

इंटरव्ह्यूला जाल तेव्हा 'कबर्ड'च म्हणा, आजचा उच्चार तोच आहे. पण शेजारचा कुणी 'कप-बोर्ड' म्हणाला, तर हसू नका. तो बिचारा सहाशे वर्षांपूर्वीचा अर्थ बरोबर सांगतोय.

भेटू पुढच्या भागात!